निषिद्ध पदे आणि हरवलेला पदन्यास

१७६६ मध्ये व्हेराक्रूझ बंदरातून मेक्सिकोच्या इन्क्विझिशनकडे एक तक्रार आली. ‘चुचुम्बे’ नावाचे गीतनृत्य मुलाटो व मिश्रवर्णीयांच्या सामान्य घरांतून चालते, नाचणारे पोटाला पोट भिडवतात आणि पदांतून भिक्षूंची टवाळी होते, असा तिचा आशय. त्याच वर्षी बंदी आली. ज्यांनी ही पदे दडपली त्यांच्याच दप्तरात ती सुरक्षित राहिली, हा सत्ताव्यवहारातील परिचित विरोधाभास होय. संगीत मात्र कोणी टिपले नाही. आणि पायांविषयी तक्रारदाराजवळ नैतिक विशेषणांखेरीज भाषाच नव्हती.

या पदांचे वाचन उपरोधात्म शृंगारकाव्य म्हणून करता येते, तसे ते झालेही आहे. परंतु त्याच प्रदेशातील ‘सोन हारोचो’ परंपरेकडे पाहता हे वाचन अपुरे ठरते. तेथील फांदांगोत ‘तारीमा’ हा पोकळ लाकडी मंच स्वतःच वाद्य असतो. हाराना छेडणारे त्याभोवती उभे राहतात. ६/८ आणि ३/४ या मात्रांची ओढाताण टाचा व चवडे मंचावर उमटवतात. गायक पद म्हणू लागला की नर्तिका पाऊल हलके करतात, शब्द ऐकू यावेत म्हणून. पद संपताच ‘सापातेआदो’ उसळतो. म्हणजे छापील पानावर दोन कडव्यांमध्ये जी कोरी जागा दिसते, तेथेच प्रयोगातला नाद सर्वांत दाट असतो. संहिता म्हणजे केवळ शब्द, हे गृहीतक येथे टिकत नाही.

ढोलांवर बंदी आली म्हणून पायच ढोल झाले, असे पुष्कळदा सांगितले जाते. ही उपपत्ती मोहक खरी, पण तीत निर्मितीचे श्रेय नकळत बंदी घालणाऱ्यास जाते. टाचा आपटण्याची रीत सोळाव्या शतकातील ‘कानारिओ’ नृत्यातही होती. गास्पार सान्सच्या १६७४ च्या गिटारग्रंथात त्याच्या चाली आहेत. आफ्रिकी वाटा त्यामुळे उणा होत नाही. पेरूतील आफ्रिकी वंशीयांचा ‘काहोन’ हा लाकडी खोका पाको दे लुसियाने १९७७ च्या सुमारास फ्लामेंकोत आणला. आज अनेकांना तो अंदालुसियाचाच पुरातन ठेवा वाटतो!

१९५२ मध्ये स्थापन झालेल्या आमालिया एर्नांदेस यांच्या बॅलेने ही नृत्ये प्रेक्षागृहात नेली. १९७७ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘मोनो ब्लांको’ने फांदांगो पुन्हा गावच्या तारीमावर आणण्याचा ध्यास घेतला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘चुचुम्बे’लाही नवी चाल मिळाली. तिच्यातील जुने शब्द इन्क्विझिशनच्या दप्तरातले आहेत, ताल जिवंत परंपरेतला आहे, आणि १७६६ चा पदन्यास दोहोंतही नाही.