भट्टीचं दार उघडण्याची घाई

मागच्या महिन्यात एका रात्री साडेदहाला पुतणीचा फोन आला. इतक्या उशिरा फोन वाजला की आमच्या वयात छातीत धस्स होतं. पण बातमी माणसाची नव्हती, काचेच्या थाळीची होती.

"आत्या, त्यातली एक थाळी फुटली गं. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. शोकेसमध्ये ठेवलेली, आठ दिवसांनी आपोआप टिचली. उरलेल्या पाचांचं काय होणार आता? मी हे सगळं बंदच करू का?"

नातेवाईकांना माहीत आहे, पण इतर वाचकांसाठी सांगते. दोन वर्षांपूर्वी तिने नोकरी सोडली आणि गॅरेजमध्ये एक विजेची भट्टी बसवली. ती काच फुंकत नाही. रंगीत काचेचे तुकडे कापून एकमेकांवर रचते आणि भट्टीत ठेवते. साधारण ८०० अंश सेल्सिअसला ते वितळून एकजीव होतात, त्याला फ्यूजिंग म्हणतात. मग तो सपाट तवा साच्यावर ठेवून ६५० अंशांच्या आसपास पुन्हा तापवला की काच मऊ होऊन साच्यात बसते आणि वाडगा किंवा थाळी तयार होते. हे स्लम्पिंग. एका वास्तुशांतीसाठी सहा थाळ्यांची ऑर्डर तिला मिळाली होती, आजवरची सगळ्यात मोठी.

मला काचेतलं ओ की ठो कळत नाही. मी जन्मभर इतिहास शिकवला. पण इतिहासाच्या शिक्षकाला एक खोड असते. कुणी अडचण सांगितली की तो विचारतो, हे याआधी कुणाकुणाचं झालंय? तिला म्हटलं, "आज काही ठरवू नकोस. मला आठ दिवस दे." त्या आठ दिवसांतलं वाचन आणि त्यातून तिला दिलेला सल्ला, असा हा लेख आहे.

सुरुवात थेट असुरांच्या राज्यातून. निनेव्हे येथे असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयात, म्हणजे इ.स.पूर्व सातव्या शतकात, मातीच्या विटांवर काच बनवण्याच्या कृती लिहून ठेवलेल्या सापडल्या. त्या आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत भट्टी बांधायची तर चांगला महिना आणि शुभ दिवस पाहावा, असं सांगितलंय. देवतेच्या मूर्ती बसवाव्यात, परक्या माणसाला आत येऊ देऊ नये, मध आणि तूप अर्पण करावं. सरपण कोणतं, तर साल काढलेली जाड लाकडं, आणि तीही ठरावीक महिन्यात तोडलेली. मला तर आपल्याच घरची पूजा वाचतेय असं वाटलं! पण देवधर्म बाजूला ठेवला तर उरतं ते अगदी व्यवहाराचं आहे. भट्टीची जागा नीट हवी, इंधन दर वेळी सारखं हवं, काम चालू असताना वर्दळ नको, आणि कृती लिहून ठेवलेली हवी.

दुसरी गोष्ट समुद्राच्या तळाची. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरून येथे १९८२ साली एका बुडालेल्या जहाजाचा पत्ता लागला. जहाज इ.स.पूर्व चौदाव्या शतकाच्या अखेरचं. त्यात काचेचे सुमारे १७५ गोळे सापडले, काही गडद निळे, काही फिरोजी. म्हणजे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीही काच बनवणारे एकीकडे आणि तिच्या वस्तू घडवणारे दुसरीकडे होते. कारागीर तयार काच विकत आणत. माझी पुतणीही तेच करते. त्यामुळे कच्चा माल कुणाकडून येतो, हा या धंद्यातला सगळ्यात जुना प्रश्न आहे. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भट्टीत रचून केलेल्या काचकामाची भरभराट झाली ती ग्रीक-रोमन काळात. रंगीत काचेच्या कांड्यांच्या चकत्या कापायच्या, शेजारी शेजारी मांडायच्या, वितळवून जोडायच्या आणि साच्यावर वाकवायच्या. असे वाडगे आजही संग्रहालयांत आहेत. मग इ.स.पूर्व पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइनच्या भागात कुणीतरी पोकळ नळीने काच फुंकली, आणि सगळं पालटलं. फुंकणारा काही मिनिटांत पेला करतो, भट्टीवाल्याला पूर्ण दिवस लागतो. स्ट्रॅबो हा भूगोलकार लिहितो, की रोममध्ये काचेचा पेला एका तांब्याच्या नाण्याला मिळू लागला होता. हळूहळू भट्टीतली कला मागे पडली. यातून पुतणीला लिहिलं, "बाजारातल्या स्वस्त काचेशी किमतीची स्पर्धा करू नकोस. ती लढाई तुझे पूर्वज दोन हजार वर्षांपूर्वी हरलेत."

ही कला पुन्हा वर काढली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये आँरी क्रोस (१८४०–१९०७) या शिल्पकाराने. काचेची पूड साच्यात भरून भट्टीत वितळवायची, अशी त्याची पद्धत. त्याच्यामागून आणखी काही जण आले. त्यांतल्या अर्जी-रूसोने १९२१ साली एका गॅलरीवाल्याबरोबर कंपनी काढली. वस्तू सुंदर होत्या, खपल्याही. पण जागतिक मंदी आली आणि १९३१ मध्ये कंपनी बंद झाली. चैनीच्या वस्तूंचं हे असंच असतं, पहिली कात्री त्यांनाच लागते. या मंडळींचं आणखी एक दुखणं होतं. बहुतेकांनी आपल्या कृती गुप्त ठेवल्या, त्यामुळे पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्या इयत्तेपासून सुरुवात करावी लागली.

इथे मला आपल्या तळेगावची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्यांनी पाठबळ दिलं, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे तज्ज्ञ म्हणून होते. तो कारखाना म्हणजे एक शाळाही होती. तिथे तयार झालेली माणसं पुढे देशभरच्या काचकारखान्यांत गेली. फ्रान्समधल्यांनी विद्या मुठीत ठेवली, तळेगावने वाटली. शिक्षिका असल्यामुळे माझा कौल कुणाला, ते सांगायला नको!

आता मूळ प्रश्न. हात न लावता काच फुटते कशी?

आमच्या लहानपणी घरात ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील होता. तापलेल्या काचेवर पागोळीचा थेंब पडला की टच्च आवाज व्हायचा आणि आईची बोलणी खावी लागायची. ते सरळ आहे. एक भाग झटकन आकसला, शेजारचा नाही, काच तडकली. पण तसाच ताण काचेच्या पोटात कायमचा कोंडलेलाही राहू शकतो. १६६० च्या दशकात लंडनच्या रॉयल सोसायटीत 'प्रिन्स रूपर्टचे थेंब' फार गाजले होते. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटीवाला मणी तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नाही, पण शेपटीचं टोक मोडलं की क्षणात सगळ्याचा भुगा. बाहेरचा थर आधी घट्ट झालेला असतो, आतला मागून आकसतो आणि बाहेरच्याला ओढत राहतो.

म्हणून भट्टीतली काच सावकाश निववावी लागते. याला अनुशीतन म्हणतात, कारागीर अनिलिंगच म्हणतात. पुतणीच्या काचेसाठी ४८२ अंशांना भट्टी थांबवून ठेवतात, म्हणजे सगळी काच आतबाहेर एका तापमानाला येते. मग हळूहळू खाली आणतात. सहा मिलिमीटर जाडीला एक तास थांबणं पुरतं. पण जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट नव्हे, साधारण चौपट लागतो. घाई करणारे इथेच फसतात.

पुतणी म्हणाली, "आत्या, मी तर पूर्ण वेळ दिला होता." मग राहिलं दुसरं कारण. दोन वेगळ्या काचा.

ब्लाउजला न भिजवलेलं सुती अस्तर लावलं तर पहिल्या धुण्यात काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. अस्तर आटतं, वरचं कापड आटत नाही, ब्लाउजला चुण्या पडतात. काचेला चुण्या पडू शकत नाहीत, म्हणून ती तडकते. प्रत्येक काच तापल्यावर किती वाढते आणि निवताना किती आकसते, याचा एक आकडा असतो, प्रसरण गुणांक. या धंद्यात ९० आणि ९६ असे दोन आकडे प्रचलित आहेत. फरक किरकोळ वाटतो ना? ढोबळ हिशेब करून पाहिला. तीस सेंटीमीटरची थाळी ५०० अंश निवते तेव्हा दोन्हींच्या आकसण्यात फरक पडतो ०.०९ मिलिमीटर. कागदाच्या जाडीएवढा. तेवढ्याने थाळी जाते, कधी भट्टीतच, कधी आठ दिवसांनी.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या गोष्टीने कारागिरांना रडवलं. शिकागोच्या फ्रान्सिस आणि मायकेल हिगिन्स या जोडप्याने १९४८ पासून एक सोपी वाट काढली. वरची आणि खालची काच एकाच जातीची घ्यायची आणि रंग मधे एनॅमलचा भरायचा. राहत्या घरात सुरू केलेलं ते काम पुढे नावारूपाला आलं. मग १९७४ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडला तिघा काच फुंकणाऱ्यांनी बुल्सआय नावाची कंपनी काढली. १९७९ मध्ये त्यांच्यातल्या एकाची गाठ हॅम्बुर्गच्या क्लाउस मोयेशी (१९३६–२०१६) पडली. मोयेचं मागणं एकच होतं, एकमेकांशी जुळणाऱ्या रंगीत काचा हव्यात. कंपनीने ते मनावर घेतलं, आणि तपासून जुळवलेल्या काचा बाजारात आल्या. मोये १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराला गेला आणि तिथल्या कलाशाळेत त्याने काचेचा विभाग उभा केला. आज जगभर गॅरेजमध्ये छोट्या भट्ट्या चालतात त्याच्या मुळाशी ही भेट आहे.

पण उलुबुरूनचा प्रश्न संपला नव्हता. ९६ आकड्याची काच बनवणारी स्पेक्ट्रम ही मोठी कंपनी २०१६ मध्ये चाळीस वर्षांनी बंद झाली. तिचं उत्पादन दुसऱ्या कंपनीने घेतलं खरं, पण मधल्या काळात त्या काचेवर विसंबलेल्या लहान स्टुडिओंची किती धांदल उडाली असेल! त्याच वर्षी पोर्टलंडमध्ये हवेत कॅडमियम आढळल्यावरून बुल्सआयवरही निर्बंध आले आणि काही रंगांचं उत्पादन थांबवावं लागलं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी पुतणीला विचारलं, "तुझी वही आहे का?" वही होती. त्या थाळ्यांच्या पानावर तिनेच लिहिलं होतं, 'निळी पट्टी, जुन्या स्टॉकमधून.' जुना स्टॉक म्हणजे कुणाकडून तरी स्वस्तात घेतलेले, लेबल नसलेले तुकडे. मग तिने दोन पोलरायझिंग फिल्म आडव्या-उभ्या धरल्या आणि मधे फुटलेल्या थाळीचा पारदर्शक तुकडा धरून उजेडाकडे पाहिलं. निळ्या पट्टीच्या कडेने पांढरं तेज दिसत होतं. तो कोंडलेला ताण.

तिला मी जे लिहून पाठवलं ते इथे देते. काचवाल्यांना हे बाळबोध वाटेल, पण बाळबोधच मोडतं.

१. एकाच गुणांकाची, शक्यतो एकाच कंपनीची काच. लेबल नसलेला तुकडा फुकट मिळाला तरी भट्टीत नाही. आवडत्या रंगांचा सहा महिन्यांचा साठा ठेव.

२. नव्या काचेची आधी चाचणी. पारदर्शक पट्टीवर छोटा तुकडा वितळवून फिल्ममधून पाहा, मगच ऑर्डरला हात घाल.

३. प्रत्येक भट्टीचं पान लिही. काच, जाडी, तापमान, वेळ, निकाल. बिघडलेल्याचं आधी.

४. एक भट्टी भरून निवेपर्यंत सोळा-वीस तास जातात. म्हणजे दिवसाला एकच भट्टी, आणि फ्यूजिंग व स्लम्पिंगचे दोन दिवस. ऑर्डरची तारीख याच हिशेबाने दे, वर चार दिवस मोडतोडीचे ठेव.

५. किमतीत वीज, फुटलेला माल आणि तुझे तास तिन्ही धर.

६. निवताना वीज गेली तर दार उघडू नकोस. बंद राहू दे. नंतर अनुशीतनाची फेरी सावकाश पहिल्यापासून दे.

७. काचेची पूड हाताळताना चांगला मास्क लाव. फुफ्फुसं नवीन विकत मिळत नाहीत.

आठवा मुद्दा लिहिताना माझा हात थांबला. पण लिहिला. 'उरलेल्या पाच थाळ्या आजच परत मागव.'

तिने दोन दिवस उत्तर दिलं नाही. पैसे परत द्यावे लागणार, नाव खराब होणार, आणि कदाचित त्या पाच फुटणारही नाहीत, असं तिच्या मनात आलं असणारच. पण कुणाच्या तरी ताटात काचेचा कण जाण्याची शक्यता ठेवून आपण झोपू शकत नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः जाऊन थाळ्या आणल्या आणि काय चुकलं ते वहीचं पान दाखवून सांगितलं. त्या बाईंनी पैसे परत घेतले नाहीत. म्हणाल्या, नव्या करून द्या, घाई नाही.

घाई नाही! मला वाटतं, काचेच्या साडेतीन हजार वर्षांच्या इतिहासात कारागिराला याहून मोठं बक्षीस मिळालं नसेल.

परत आणलेल्या पाचांपैकी एक थाळी तिने गॅरेजच्या फळीवर ठेवलीय, आठवण म्हणून. अजून ती फुटलेली नाही. पुतणी रोज सकाळी आधी तिच्याकडे बघते आणि मग भट्टीकडे वळते.

असो. लेख फारच लांबला. नव्या सहा थाळ्यांतल्या पहिल्या दोन आज भट्टीत आहेत, उद्या दुपारी दार उघडायचं. मला आत्तापासूनच धीर निघत नाहीये, आणि सल्ला देणारी मीच!