रस्त्याला वळण का असतं?

माझं गाव कुंभार पिंपळगाव. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं बाजाराचं गाव. मी लहान असताना आमच्या घरी बैलगाडी होती. अब्बा कापूस भरून रात्रीच परतूरच्या वाटेला लागायचे. कधीमधी मीही बोचक्यांवर पडून त्यांच्यासोबत जायचो. गाव मागं पडलं की अब्बा कासरा सैल सोडत आणि बसल्याबसल्या डोळा लावत. मला भीती वाटायची. ते म्हणायचे, ‘‘बैल जागे हायेत तवर मालकानं डोळा लावला तरी चालतंय.’’ वळण आलं, गाडी कलली, की मात्र त्यांना आपोआप जाग यायची. खाली टांगलेला कंदील बघायचे, बैलांना हाक द्यायचे आणि पुन्हा पेंगायला लागायचे.

ती वाट एवढी वाकडी का, असा प्रश्न मला तेव्हा पडत असे. नाकासमोर गेलं तर लवकर पोचू की! पुढं कळलं, की एकही वळण फुकटचं नव्हतं. आमची जमीन काळी. पावसाळ्यात चाक रुतलं तर दोन बैलांनी निघत नाही. म्हणून गाडीवाट मुरमाड बरडाचा आधार घेत जायची. ओढा जिथं उथळ तिथंच उतरायची. कुणाची विहीर, कुणाचा बांध, कुठं कब्रस्तान, कुठं मारुतीचा पार, या सगळ्यांना वळसा घालायची. त्या वाटेवर चाकांनी पाडलेली ‘चाकोरी’ आपण बोलण्यातही जपून ठेवली आहे.

आपला मुलूख असल्या वाटांसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. सुमारे 2 हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तांतात पैठण आणि तेर या गावांचा उल्लेख आहे. भडोच बंदराच्या दक्षिणेला 20 दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला 10 दिवसांवर तेर. वाटा नसलेल्या मोठ्या प्रदेशातून इथला माल गाड्यांनी भडोचला जातो, असं तो लेखक नोंदवतो. कोकणात उतरायला मात्र सातवाहनांचा नाणेघाट होता. तो पायांचा आणि लादलेल्या जनावरांचा रस्ता. पायाला चढ चालतो, चाकाला चालत नाही. म्हणून घाटात चाक आलं आणि त्याच्यासोबत वळण आलं.

बोरघाटात हे स्पष्ट दिसतं. तिथला गाडीरस्ता 1830 साली, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. डोंगराची उंची कमी करता येत नाही. वाट लांबवली तर चढ सौम्य होतो. नागमोडी घाटाचं सगळं गणित एवढंच आहे. 1863 साली तिथून रेल्वे गेली, तेव्हा तीही वळणं घेत, बोगदे पोखरत चढली. त्याच घाटात शिंग्रोबाचं मंदिर आहे. साहेबाला डोंगरातली वाट या धनगरानं दाखवली, असं लोक सांगतात. ही आख्यायिकाच. पण वाट आधी जनावरांना कळते, मग धनगराला आणि शेवटी साहेबाला, हे लोकांनी त्यात बरोबर ओळखलं आहे.

मित्रहो, इथपर्यंतची वळणं नाइलाजाची झाली. खरी गंमत पुढं आहे. मोटारी आल्या, सुरुंग आले, यंत्रं आली. आता सपाट रानात मनाला येईल तेवढा सरळ रस्ता करणं शक्य झालं. जर्मनीत 19 मे 1935 रोजी फ्रँकफर्ट ते डार्मस्टाट हा महामार्ग सुरू झाला. हिटलरच्या राजवटीनं त्याचा मोठा गाजावाजा केला. हे सुरुवातीचे रस्ते रेल्वेच्या वळणावर वाढलेल्या अभियंत्यांनी आखले होते : लांबच लांब सरळ पट्टे आणि ते जोडणारी छोटी वळणं. आल्विन झायफर्ट या उद्यानरचनाकारानं त्यावर टीका केली, की रस्ता जमिनीच्या चढउताराबरोबर वळत जावा. पुढच्या काळात अभियंत्यांनी वळणाचा आकारच बदलला. एकदम न वळता हळूहळू आवळत जाणारं आणि तसंच हळूहळू सैल होणारं वळण रूढ झालं. चांगला गाडीवान कासरा हिसडत नाही, अलगद ओढतो, तसंच हे. वळणावर रस्त्याची बाहेरची कडही थोडी उचललेली असते, म्हणजे वेगातली गाडी बाहेर फेकली जात नाही.

सरळ रस्त्याचा धोका तर त्याहून वेगळा. डोळ्यांपुढं तासभर एकच रेघ, चाकांचा एकच आवाज, हाताला काही काम नाही. डोळे उघडे राहतात आणि मन निजतं. 1963 साली जी. डब्ल्यू. विल्यम्स यांनी याला ‘महामार्ग संमोहन’ असं नाव दिलं. आपल्याकडं आडवाटेला माणसाला चकवा लागतो म्हणत. हा सरळ वाटेवरचा चकवा! ऑस्ट्रेलियात एका महामार्गाचा 146.6 किलोमीटरचा पट्टा एकाही वळणाविना आहे. तिथून जाणाऱ्याला कसं वाटत असेल, याची कल्पना करा.

आपल्या देशात रस्त्यांचा एकत्रित विचार 1927 साली नेमलेल्या समितीनं सुरू केला. तिचे अध्यक्ष होते आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्यातूनच 1934 साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. तिच्या मानकांतच म्हटलं आहे, की 3 किलोमीटरपेक्षा लांब सरळ पट्टे शक्यतो टाळावेत आणि मोठ्या, सौम्य वळणांचा रस्ता पसंत करावा. म्हणजे वळण ही आता डोंगराची सक्ती नाही. गाडी चालवणाऱ्याची ती काळजी आहे.

हे आज सांगायचं कारण आपल्या दाराशी आहे. 701 किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आपल्या जालना जिल्ह्यातून जातो. 11 डिसेंबर 2022 रोजी त्याचा पहिला टप्पा सुरू झाला, 5 जून 2025 रोजी तो पूर्ण झाला. त्यानं अंतर जवळ आणलं, हे खरंच. पण 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले, तेव्हा रस्त्याच्या एकसुरीपणाची चर्चा घरोघर झाली. या रस्त्याला वळणंच नाहीत असं नव्हे, आणि प्रत्येक अपघाताचं खापर सरळपणावर फोडणंही बरोबर नाही. वेग असतो, जुने टायर असतात आणि न झालेली झोप असते.

आमच्या गावातला एक पोरगा मालट्रकवर आहे. तो मला म्हणाला, ‘‘चाचा, घाटात मला कधी झोप येत न्हाई. झोप येती ती चांगल्या रोडवर.’’ सलग किती तास चालवतोस, असं विचारलं तर नुसता हसला.

आपली भाषा मोठी शहाणी आहे. माणूस ‘सरळ’ असावा म्हणते आणि पोराला ‘वळण’ लावावं असंही म्हणते. मीही रोज नमाजात सरळ वाट दाखव अशी दुआ मागतो. ती वागण्याची वाट. जमिनीवरच्या वाटेनं मात्र थोडं वळावं. कारण अब्बांच्या गाडीला दोन जागे बैल होते. या पोराच्या गाडीत तो एकटाच आहे. रस्त्यानं त्याला अधूनमधून जागं करावं आणि मालकानं त्याला आधी पोटभर झोपू द्यावं.