पूर्वजन्मांची पुस्तके आणि इतिहासाचा पुरावा

प्राचीन मिसर, अटलांटिस, आर्यावर्त अशा ठिकाणचे पूर्वजन्म वर्णन करणारी पुस्तके सुशिक्षित समाजात आदराने वाचली जातात. अकोल्याच्या जठारपेठेतील काही उपासकांच्या कपाटांतही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाशेजारी ती दिसतात. पुनर्जन्म तथागतांनीही मानला, मग हरकत कोणती, असे विचारले जाते. वाचण्यास हरकत मुळीच नाही. मात्र ही पुस्तके इतिहास म्हणून पुढे येतात, तेव्हा त्यांची चिकित्सा इतिहासाच्याच नियमांनी केली पाहिजे.

या वाङ्मयाचा भारतातील एक प्रमुख उगम मद्रासजवळील अड्यार येथे आहे. 1909 साली थिऑसॉफिकल सोसायटीचे सी. डब्ल्यू. लेडबीटर यांनी तेथील समुद्रकिनाऱ्यावर जे. कृष्णमूर्ती या ब्राह्मण मुलाला पाहिले आणि अतींद्रिय दृष्टीने त्याचे पूर्वजन्म 'पाहण्यास' आरंभ केला. 1910 पासून ते 'द थिऑसॉफिस्ट' मासिकात क्रमशः छापले गेले. त्यात मुलाचे नाव अल्सायोनी; जन्म तीस; कालखंड इ.स.पू. 22662 पासून इ.स. 624 पर्यंत. सोसायटीच्या इतर सभासदांनाही या कथांत भूमिका मिळत. आपले नाव त्यात आहे की नाही, याची अड्यारमध्ये चढाओढ लागली. (मेलेले ढोर ओढणाऱ्याचा जन्म स्वतःसाठी मागणारा सभासद कोठून मिळणार!)

1913 साली लेडबीटर आणि अ‍ॅनी बेझंट यांचा 'मॅन : व्हेन्स, हाउ अँड व्हिदर' हा ग्रंथ निघाला. त्यात वैवस्वत मनू हा आर्य 'मूळवंशा'चा संस्थापक आहे. रक्तमिश्रण थांबावे म्हणून त्यानेच वर्णव्यवस्था घालून दिली, असे तेथे सांगितले आहे. शुद्ध आर्य ते श्वेत ब्राह्मण. मिश्र रक्ताचे ते तांबडे राजन्य आणि पिवळे वैश्य. ज्या मनूच्या नावाची स्मृती 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळली गेली, तोच मनू येथे दिव्यदृष्टीच्या साक्षीने पुन्हा आसनावर बसतो. या साक्षीदाराची उलटतपासणी घेता येत नाही, हे विशेष. बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' (1946) या ग्रंथात आर्यवंशाचा सिद्धान्त वेदांतील उल्लेख तपासून अमान्य केला.

सोसायटीचे एक संस्थापक कर्नल ऑलकॉट यांनी 1880 साली श्रीलंकेत गाल येथे पंचशील घेतले आणि पुढे मद्रासेत अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या. ते ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच सोसायटीच्या अध्यक्षा बेझंटबाईंनी फेब्रुवारी 1909 च्या 'इंडियन रिव्ह्यू'मध्ये अस्पृश्यांच्या मुलांना इतरांबरोबर एका शाळेत बसविण्यास विरोध केला. कारण दिले ते त्यांच्या देहाच्या अशुद्धीचे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अन्नपानाचे. 1945 साली काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील ग्रंथात बाबासाहेबांनी हा लेख विस्ताराने उद्धृत केला आहे. मूळवंशाची कथा आणि ही शाळेची भिंत यांत केवळ चार वर्षांचे अंतर आहे.

आता पुराव्याकडे पाहू. लेडबीटरांना हजारो वर्षांचा भारत दिसला. सिंधूकाठची पक्क्या विटांची नगरे मात्र दिसली नाहीत. ती जॉन मार्शल यांनी 20 सप्टेंबर 1924 रोजी जगापुढे ठेवली. अल्सायोनीचे जन्म ग्रंथरूपाने निघाले तेही 1924 सालीच! स्वतःचे जन्मवर्ष लेडबीटर 1847 सांगत. जन्मनोंदीत ते 1854 निघाले, हे ग्रेगरी टिलेट यांनी 1982 च्या चरित्रात दाखविले. कृष्णमूर्तींनी तर 3 ऑगस्ट 1929 रोजी आपल्याभोवती उभारलेला 'ऑर्डर ऑफ द स्टार' विसर्जित केला.

अलीकडच्या पुस्तकांची गत निराळी नाही. ब्रायन वाइस यांच्या 1988 च्या प्रसिद्ध पुस्तकात संमोहित स्त्री आपल्या पूर्वजन्माचे वर्ष इ.स.पू. 1863 असे सांगते. ख्रिस्ताच्या अठरा शतके आधी जगणाऱ्या मुलीला आपले वर्ष ख्रिस्तपूर्व आहे हे कोणी सांगितले?

वऱ्हाडातही असे एक साधन आहे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे 1911-12 च्या हिवाळ्यात शिर्डीत राहिले. मागील जन्मी आपण काही जण एकत्र होतो, असे साईबाबा म्हणाल्याची नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. रोजनिशी अस्सल आहे. तिच्यावरून सिद्ध होते ते एवढेच की शिर्डीत तेव्हा असे बोलणे झाले.

हाच न्याय आपल्या जातककथांनाही लावावा लागेल, आणि तो लावताना संकोच करू नये. 547 जातके बोधिसत्त्वाच्या जन्मांचा दप्तरी वृत्तांत नव्हेत. भारहुतच्या कठड्यावर इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुमारास ती नावांसह कोरली गेली, यावरून त्या काळच्या उपासकांना कोणत्या कथा प्रिय होत्या हे कळते. आणि हे ज्ञान मोलाचे आहे. बाबासाहेबांनी आत्म्याचे देहांतर नाकारले. पुनर्जन्माचा अर्थ महाभूतांच्या आणि शक्तीच्या पुनर्मीलनाशी लावला. गतजन्मीच्या कर्माने आजचे दारिद्र्य ठरते या मताचा हेतू समाजाला जबाबदारीतून मोकळे करणे हा असावा, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. पूर्वजन्मी राजा होतो असे मानणाऱ्याला आजचा हीन जन्मही पूर्वकर्माचाच मानावा लागतो; एक घेऊन दुसरे टाकता येत नाही.

वऱ्हाडचा बौद्ध भूतकाळ शोधण्यास संमोहन नको. बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, भोन येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांचा स्तूप आणि मातीच्या कड्यांच्या विहिरी उघड झाल्या. पूर्णेवरील जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात हे स्थळ येते.