मराठी रॅप : बाजाराबाहेरचा आवाज

तालाच्या ठेक्यावर, यमके साधत, वेगाने म्हटलेले शब्द म्हणजे रॅप. हिप-हॉप संस्कृतीचे हे एक अंग. डीजेचे वादन, ब्रेकडान्स व भिंतींवरील ग्राफिटी ही तिची अन्य अंगे होत. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क यांनी एका पार्टीत केलेल्या वादनापासून तिचा आरंभ मानला जातो. गरीब कृष्णवर्णीय व लॅटिन वस्त्यांतील तरुणांनी ती घडवली.

भारतात १९९०च्या दशकात बाबा सहगल यांनी रॅप लोकप्रिय केला. पण त्याचे रूप करमणुकीचे होते. वस्तीतील जगणे मांडणारा रॅप पुढे मुंबईत बहरला. डिव्हाइन व नेझी यांचे ‘मेरे गली में’ (२०१५) आणि या दोघांवरून प्रेरित ‘गली बॉय’ (२०१९) हा चित्रपट यांनी तो देशभर नेला. मात्र त्यातून उभी राहिलेली बाजारपेठ मुख्यतः हिंदी व पंजाबी गाण्यांची होती.

मराठी रॅप बराचसा या बाजाराबाहेर वाढला. ध्वनिमुद्रण कंपनीचे पाठबळ नसले, तरी मोबाइल, तयार बीट आणि यूट्यूब एवढ्या भांडवलावर गाणे लोकांपर्यंत पोहोचू लागले. मुंबईतील ‘स्वदेशी’ या बहुभाषिक गटातील एमसी मवाली मराठीतून रॅप करतात. या गटाने २०१९मध्ये आरेच्या जंगलाचा प्रश्न मांडताना आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांचा आवाज सोबत घेतला. महादेव कोळी समाजातील माही जी या रॅपर आदिवासी व पर्यावरणाचे प्रश्न मांडतात. हा समाज अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातही मोठ्या संख्येने राहतो.

याच जिल्ह्यातील संगमनेरला परखड, यमकबद्ध रचनेचा जुना वारसा आहे. शाहीर अनंत फंदी (१७४४-१८१९) संगमनेरचे. लोकांच्या वागण्यातील दोषांवर फटकारे ओढणारा ‘फटका’ हा काव्यप्रकार त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. अहिल्याबाई होळकर यांच्या उपदेशावरून त्यांनी तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली, अशी आख्यायिका आहे. अहिल्याबाईंचा जन्म जामखेड तालुक्यातील चौंडीचा. २०२४मध्ये जिल्ह्याला त्यांचेच नाव मिळाले. रॅप फटक्यातून जन्मला नाही. परंतु ठसठशीत यमक, बोलीतला शब्द आणि समोरच्या श्रोत्याला थेट सुनावणे ही लक्षणे दोहोंत समान आहेत. कलगी-तुरा फडांतील सवाल-जवाब आणि रॅपमधील ‘बॅटल’ यांतही असेच साम्य दिसते.

थेट बोलण्याची किंमतही मोजावी लागते. २०२३मध्ये राज्यातील सत्तांतरावर टीका करणाऱ्या रॅपमुळे छत्रपती संभाजीनगरचे राज मुंगासे यांच्यावर अंबरनाथमध्ये, तर राजकारण्यांवरील रॅपमुळे उमेश खाडे यांच्यावर मुंबईत गुन्हा नोंदवण्यात आला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा त्यावरून राज्यभर चर्चिला गेला. अशा कलावंतांमागे कंपनी नसते, वकिलांची फौज नसते. त्यांना सावरून धरतो तो श्रोता. आणि त्याला आपल्या बोलीत आपले दुःख ऐकू आले, तरच तो गाणे पुढे पाठवतो.