दंडाचा आकडा आणि परवान्याचा धाक

गाडी चालवताना हातात मोबाइल धरायला ब्रिटनमध्ये १ डिसेंबर २००३ पासून बंदी आली, तेव्हा दंड होता अवघा ३० पौंड. २००७ साली तो ६० पौंडांवर गेला आणि सोबत परवान्यावर तीन पेनल्टी पॉइंट चढू लागले. २०१३ मध्ये १०० पौंड, तर मार्च २०१७ पासून २०० पौंड आणि सहा पॉइंट. माझ्या मते या इतिहासातला निर्णायक बदल पौंडांचा नाही, पॉइंटांचा आहे. तिथे तीन वर्षांत बारा पॉइंट साचले की एरवी गाडी चालवण्यावर बंदी येते. नव्या चालकाचा परवाना पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंटांतच रद्द होतो. म्हणजे २०१७ नंतर नवख्याला एक फोनसुद्धा परवाना घालवायला पुरेसा ठरला. पुढे मोबाइलवर चित्रण करणे या बंदीत बसत नाही, असा निकाल २०१९ मध्ये लागला. ती पळवाट सरकारने मार्च २०२२ मध्ये बुजवली.

आपण मात्र रुपयांतच अडकलो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोबाइल असणे शक्यच नव्हते. धोकादायक वाहन चालवण्याच्या कलम १८४ मध्ये तो थेट आला २०१९ च्या दुरुस्तीने. हजारापर्यंतचा दंड एक ते पाच हजार झाला, कैदही वाढली. लगेच ओरड झाली. गुजरातने अनेक दंड उतरवले, महाराष्ट्राने वाढीव दंड डिसेंबर २०२१ पर्यंत लांबवले. आज ई-चलानची थकबाकी डोंगराएवढी आहे. न भरता वर्षानुवर्षे निभावते त्या दंडाला कोण भिणार?

परवाना काढून घेतला तर रिक्षावाल्याची, ट्रकचालकाची चूल विझेल, हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पण पाच हजारांचा दंडही त्यालाच मारतो; महागड्या गाडीच्या मालकाला तो जाणवतही नाही. पॉइंटांच्या पद्धतीत निदान आधी इशारा मिळतो, सावरायला वाव राहतो आणि गरीब-श्रीमंत दोघांना परवाना सारखाच गमवावा लागतो. पकडले जाण्याची खात्री शिक्षेच्या कठोरपणापेक्षा मोठी, हेही मान्य. पण कॅमेऱ्याने पकडलेला गुन्हा परवान्यावर नोंदलाच गेला नाही, तर त्या खात्रीला अर्थ उरत नाही. मोबाइलवर बोलणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना बजावले होते. दंडाचा नवा आकडा ठरवण्याआधी राज्य सरकारने तेवढे काटेकोरपणे अमलात आणावे.