धरणगावची इंग्रज वखार व भरपाईची वाटाघाट

सतराव्या शतकात खानदेशातील धरणगाव (सध्याचा जळगाव जिल्हा) येथे ईस्ट इंडिया कंपनीने घातलेली वखार आणि तिच्या लुटीवरून छत्रपती शिवाजी महाराजांच्या दरबारी झालेली राजनैतिक बोलणी. परकीयांच्या स्थावर व जंगम मालमत्तेची जोखीम कोणत्या सत्तेने पत्करावी, या प्रश्नाचा महाराष्ट्रातील हा एक आरंभीचा दाखला होय.

पार्श्वभूमी : सुरत-बऱ्हाणपूर व्यापारी मार्गावरील, सुती कापडाची धरणगाव ही पेठ मोगलांच्या खानदेश सुभ्यात मोडत असे. तेथे १६७४ च्या सुमारास कंपनीची वखार होती. त्याच वर्षी महाराजांच्या राज्याभिषेकप्रसंगी कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडी आला आणि त्याने केलेल्या तहान्वये, १६६१ मध्ये लुटल्या गेलेल्या राजापूरच्या वखारीपोटी दहा हजार होनांची भरपाई, तसेच राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथे वखारी घालण्याची मुभा इंग्रजांना मान्य झाली.

वाटाघाट : १६७५ मध्ये मराठी फौजेने धरणगाव लुटले, तेव्हा मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आंजियर याने सॅम्युएल ऑस्टिन यास वकील म्हणून महाराजांकडे धाडले. ज्या मुलखावर शत्रूचा अंमल आहे आणि जेथे युद्ध चालू आहे, तेथील हानीचे दायित्व स्वराज्यावर येत नाही, या भूमिकेवरून भरपाईची मागणी नाकारण्यात आली. मात्र पुढे इंग्रजांस उपद्रव होऊ नये, असे अभय देण्यात आले. पुढे स्वतःच्या हुकमतीत आलेले राजापूर आणि मोगलांकडील धरणगाव यांत केलेला हा भेद अधिकारक्षेत्राची स्वच्छ जाण दर्शवितो. पुढे १६७९ व १६८५ मध्ये धरणगाव पुन्हा लुटले गेले.

महत्त्व : परकीयांच्या मिळकतीचा असाच प्रश्न पुढे चीनमध्येही उद्भवला. १८४२ च्या नानकिंगच्या तहानंतर शांघायमध्ये १८४५ च्या जमीनविषयक नियमांन्वये परकीयांचे भाडेपट्टे आपापल्या वाणिज्यदूताकडे नोंदवून, त्यांवर चिनी अधिकाऱ्याची मोहर घेण्याची रीत पडली, परंतु तेथील यजमान सत्ता युद्धात पराभूत झालेली होती, तर रायगडी अटी ठरविणारी सत्ता विजयी आणि सार्वभौम होती. स्थानिक सत्तेच्या सनदेवाचून परक्याची मिळकत किती असुरक्षित असते, हे धरणगावाने दाखविले. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर खानदेश कंपनीच्या अमलाखाली गेला आणि १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्लांची पलटण उभारली, तिचे ठाणे धरणगावीच झाले. भरपाईसाठी एकेकाळी दरबारी वकील पाठविणारी कंपनी आता जमिनीच्या नोंदीवर आपला शिक्का उमटविणारी सरकार झाली होती.