भाजलेली माती

शीत देशांत वाफा उबदार करतात तो हंगाम लांबवण्यासाठी. परभणीच्या काळ्या रानाला ती उणीव नाही. येथे उन्हाळी नांगरटीची ढेकळे वैशाखात तापू देतात ती तण-किडी मराव्यात म्हणून. मुद्दाम माती भाजण्याची मराठी परंपरा शोधू गेल्यास आपण कोकणातील राबापाशी पोहोचतो. भातरोपांच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या जाळणे ब्रिटिश वनखात्याला नासाडी वाटली. ठाणे-कुलाब्यात असंतोष पेटला. १८८५मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन प्रभृतींनी राबाचा रासायनिक अभ्यास केला. ज्यांना अडाणी म्हटले, त्यांचीच रीत प्रयोगशाळेत गेली, हे आम्हांस विशेष वाटते. आता रोपवाटिकेतला ओला वाफा एप्रिल-मेमध्ये पारदर्शक प्लास्टिकखाली तापवण्याची शिफारस होते. त्यास फांदी तोडावी लागत नाही. ऊन मात्र परभणीसारखे हवे.